टाळीला समोरचा हात

“शनिवारी शाळेचा कॉल आहे आणि मुलगी गप्प आहे,” कंपनीच्या एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या. “तुम्ही तर कळवलं होतं, छान गाते म्हणून.”

गात होती, म्हणूनच कळवलं होतं.

मी दादरला जपानी शिकवते. लोअर परळच्या एका कंपनीची माणसं बदलीवर जपानला जातात. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तयार करायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी सचिन परब नावाचा इंजिनियर, त्याची बायको तन्वी आणि सहा वर्षांची इरा अशी तिघं होती. पोस्टिंग तीन वर्षांचं. गाव लहान, इंग्रजी शाळा नाही, म्हणजे इराला साध्या जपानी शाळेत बसायचं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका व्हिडिओ कॉलवर तिला भेटणार होत्या. मूल फार बुजलेलं दिसलं तर वर्षभर थांबा म्हणतात, हा कंपनीचा आधीचा अनुभव. तसं झालं असतं तर सचिन एकटाच गेला असता आणि मायलेकी डिलाईल रोडच्या चाळीत राहिल्या असत्या.

लहान मुलांना मी व्याकरण शिकवत नाही, गाणी शिकवते. जपानीत तेआसोबी उता नावाचा प्रकार आहे. तेआसोबी म्हणजे हातांचा खेळ, उता म्हणजे गाणं. आई किंवा बाबा आणि मूल समोरासमोर बसतात. गाता गाता एकमेकांच्या तळहातावर टाळ्या द्यायच्या, बोटं पकडायची, शेवटी गुदगुल्या. शब्द आपसूक तोंडात बसतात. इरा माझ्यासमोर बसून खिदळत गायची. मग आवाज बारीक होत गेला, आणि आता तर क्लासलाही ओठ घट्ट मिटलेले.

सचिनला विचारलं, तर तो म्हणाला की घरी सगळं मस्त चाललं होतं, आणि पुरावा म्हणून त्याने व्हिडिओ पाठवला.

व्हिडिओत इरा स्टुलावर उभी. समोर आत्या, काकू, शेजारच्या दोन बायका आणि तीन मोबाइल. “म्हण गं, जपानी गाणं म्हणून दाखव.” ती गात होती आणि टाळीसाठी हात पुढे करत होती. समोर कोणाचाच हात नव्हता, सगळे हात मोबाइल धरण्यात गुंतलेले. पोरगी हवेत टाळ्या देत होती. ते बघून मला रडू आलं आणि रागही आला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आजपासून इराला कोणीही गाणं म्हणून दाखवायला सांगायचं नाही. सचिनच्या आईला ते लागलं.

“माझी नात जपानी गाणा म्हणता, ता चार माणसांका दाखवूक नको?” त्या म्हणाल्या.

त्यांचं तरी काय चुकलं? पाहुणे आले की मुलांना उभं करून गायला लावणं आपल्याकडे घरोघरी चालतं. माझ्या माहेरीही चालायचं. त्यात कौतुकच असतं. पण हे गाणं एकट्याचं नाही, दुसरा गळा आणि दुसरे हात लागतातच, हे मी त्यांना समजावलं. मग सचिनकडे वळले. रोज रात्री जेवणानंतर तुम्ही दोघांनी तिच्याबरोबर गायचं, हाच होमवर्क.

“मॅडम, मला सूर नाही हो. तन्वी करेल ना.”

“मग तुम्ही एकटे जा,” मी म्हटलं.

 त्या रात्रीपासून तो लेकीसमोर बसायला लागला, असं तन्वीने कळवलं.

शनिवारी परबांच्या घरी आम्ही सगळे लॅपटॉपसमोर. मुख्याध्यापिकांनी हसून इराला नाव विचारलं. इरा गप्प. वय विचारलं, तरी गप्प. तेवढ्यात एचआर मॅडम कॉलवरून म्हणाल्या, “बेटा, ते गाणं म्हणून दाखव ना.” इराने मान खाली घातली. कॉल मी सुरू केला होता, म्यूटचं बटण माझ्या हातात होतं. मॅडमना म्यूट केलं.

सचिनने खुर्ची फिरवली. लॅपटॉपकडे पाठच केली म्हणा ना. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून त्याने दोन्ही तळहात लेकीपुढे धरले आणि गायला सुरुवात केली. सूर नाही, हे तो खरंच बोलला होता. इराने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग बापाच्या हातांकडे, आणि टाळी दिली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आला. गुदगुल्यांपर्यंत पोचली तेव्हा खुर्चीवरून खाली घसरली होती.

मुख्याध्यापिकांनी सचिनला विचारलं, तुम्ही रोज गाता का? त्याने जपानीत खरं ते सांगितलं, की याच आठवड्यात सुरू केलंय. त्या म्हणाल्या, इथे आल्यावरही थांबवू नका. आणि इराच्या पावलाचं माप कळवा, शाळेत आत घालायचे बूट वेगळे असतात.

मी म्यूट काढलं. “पण हिने नाव तर सांगितलंच नाही,” एचआर मॅडम म्हणाल्या. “मग झालं की नाही?”

“झालं,” मी म्हटलं. “तिकिटं तीन काढा.”

निघण्याआधी सचिन पेढे घेऊन आला. जरा घुटमळला. म्हणाला, “मॅडम, मराठी गाणीसुद्धा आम्ही तिच्याकडून नुसती म्हणून घ्यायचो. बरोबर बसून एकही म्हटलं नव्हतं.”

माझ्या क्लासबाहेर पालकांना बसायला एक बाक होतं. ते मी काढून टाकलं. आता मुलांच्या बॅचला आईबाप आत, जमिनीवर, मुलासमोर बसतात. ज्यांना वेळ नसतो, त्यांची फी मी घेत नाही आणि त्यांचं मूलही.