दादाची बिनक्लचची गाडी

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं अधू झाला. पाय आहे, पण त्यात जोर नाही. देगलूरला आई रोजानं कामाला जायची, आणि मोठा भाऊ मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. पुढं तो हैदराबादला एका उस्तादाकडं गाड्यांचं काम शिकला आणि नांदेडला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. मी शिक्षिका झाले. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मला शिरूर अनंतपाळला नेमणूक मिळाली.

सुट्टी लागली की मी एसटीनं नांदेडला दादाकडं जायची. एकदा गर्दीत उतरताना पाय लटपटला आणि पायरीवरून खाली पडले. दादा घ्यायला आलाच होता. त्यानं मला उठवलं, साडीची धूळ झटकली. मग घरी घेऊन गेला. जेवताना म्हणाला, “बाई, तुला गाडी शिकवतो.”

“डाव्या पायाचा क्लच कोण दाबणार, दादा?”

“क्लचच ठेवत न्हाई.”

त्याच्याकडं एक जुनी अ‍ॅम्बेसेडर पडून होती. हैदराबादच्या भंगारातून त्यानं अपघातात चेपलेल्या एका जपानी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. सोबत चपट्या घागरीसारखा एक जड लोखंडी गोळा होता. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, हे दादानंच सांगितलं.

“दोन पंखे समोरासमोर ठेव. एकच चालू कर. त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो का न्हाई? तसंच हाय हे. वाऱ्याच्या जागी तेल. इंजिन एक पंखा फिरवतंय, दुसरा पंखा गाडी वढतोय. मधी क्लचचं कामच न्हाई.”

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. गॅरेजसमोर पाण्याच्या टँकरांची रांग असायची. एकाचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला, दुसऱ्याचा ब्रेक गेलेला. टँकर अडला की एखाद्या गावाचं पाणी अडायचं, म्हणून दादा आधी तेच काम घ्यायचा. आमची गाडी कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर उभी. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी स्टुलावर बसून बघायची. जुन्या इंजिनाला हा गिअरबॉक्स थेट बसत नव्हता. दादानं मधे घालायला जाड लोखंडी प्लेट कापून घेतली, मागच्या चाकांकडं जाणारा दांडा आखूड करवला, तळाचा पत्रा ठोकून जागा केली.

पहिल्यांदा बसवताना बाहेर एक टँकरवाला खोळंबला होता. दादानं भराभर बोल्ट आवळले आणि इंजिन चालू केलं. आतून कर्रकन आवाज आला. कन्व्हर्टर पुरता आत गेला नव्हता. बोल्टांनी त्याला जबरदस्तीनं दाबलं आणि गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटला.

दादा तिथंच जमिनीवर बसला. “घाई झाली,” एवढंच म्हणाला. मग उठून टँकरखाली शिरला.

मला वाटलं, संपलं. पण थोड्या दिवसांनी तो पुन्हा हैदराबादला गेला आणि तसाच दुसरा गिअरबॉक्स घेऊन आला. या वेळी कन्व्हर्टर बसवताना त्यानं मला जवळ बोलावलं. दोन्ही हातांनी तो हळूहळू फिरवत, आत दाबत होता.

“ऐक.”

टक्. कन्व्हर्टर थोडा आत सरकला. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी तो अलगद खोल गेला.

“आता बसला,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम मी पदरानं पुसला.

शिकायला मला फार दिवस लागले नाहीत. नायगावमार्गे देगलूरला मीच गाडी नेली. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली, पानसुद्धा नव्हतं. दादा शेजारी बसून होता, आणि प्रत्येक वळणावर त्याचा डावा पाय आपोआप दाबला जात होता. मी हसले, तर म्हणाला, “पायाला कुठं कळतंय?”

आई दारात उभी होती. स्टिअरिंगमागून मी उतरले तशी जवळ येऊन तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

“मग गिअर कोण टाकतंय?”

“गाडीच टाकती, आये,” दादा म्हणाला.

“बरं हाय. तिला बी जरा काम.”

ती गाडी मी बरीच वर्षं चालवली. शाळेत, लातूरला, उदगीरला, कुठंही. कुणाला सोबत चल म्हणावं लागलं नाही. दरम्यान दादा आखातात कामाला गेला. मग गिअरबॉक्स थकला. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र रांगायची. लातूरचे मिस्त्री म्हणाले, “म्याडम, हे आमच्यानं व्हायचं न्हाई. क्लच बसवून देतो परत.”

मी दादाला फोन लावला.

“कुणाला हात लावू देऊ नको,” तो म्हणाला. “सुट्टी मिळाली की येतोच.”

सुट्टी मिळायच्या आतच तिकडं कामावर त्याचं हृदय बंद पडलं.

गाडी दोन उन्हाळे अंगणात उभी राहिली. कधीमधी मी तिच्यात जाऊन बसायची. तो असता तर आता खाली झोपून काय म्हणाला असता, हे मनात जुळवत राहायची. शेवटी उदगीरच्या एका व्यापाऱ्यानं मागितली, तेव्हा देऊन टाकली. त्यानं क्लच बसवून घेतला, असं नंतर कळलं.

आता सुनेची गाडी ऑटोमॅटिक आहे. ती मला चालवायला देते. “आई, तुम्ही कुठं शिकलात?” असं तिनं एकदा विचारलं. नांदेडला, भावाकडं, असं मी म्हणाले. मग दादा ज्या बाजूला बसायचा, त्या शेजारच्या सीटकडं न बघता गाडी पुढं काढली.