रजिस्टर पोस्टाचं पाकीट

कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे ‘प्रतिज्ञापत्र’ म्हणत. पंचवीस वर्षांत भाडेकरार, नावबदल आणि प्रतिज्ञापत्रं यांपलीकडे वकीलसाहेबांनी फारसं काही केलं नव्हतं. जे केलं त्यात टायपिंगची चूक नसे, एवढीच काय ती ख्याती. अशा माणसाने बावन्नाव्या वर्षी बौद्धिक संपदा कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, तेव्हा बाररूमला दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बायकोने मात्र काही न बोलता नवा डबा आणि पाण्याची बाटली आणून ठेवली. टोमणा मारायची ही तिची पद्धत.

वर्ग शनिवार-रविवारी भरे. बाकीचे वकील पंचविशी-तिशीतले, शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. वकीलसाहेब पहिल्या बाकावर बसून तीन रंगांच्या पेनांनी टिपणं काढत. कितीतरी वर्षांनी त्यांना आपण वकील असल्यासारखं वाटू लागलं होतं.

तिसऱ्या महिन्यात पेटंट आलं. बाई म्हणाल्या, अजूनही काही वकील अशिलाला सांगतात, शोधाचं चित्र काढ, पाकिटात घाल, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठव आणि न फोडता ठेवून दे; झालं पेटंट. वर्ग खो खो हसला. वकीलसाहेबही हसले, जरा जास्तच मोठ्याने. लाल पेनाचं टोपण त्यांच्या हातून दोनदा खाली पडलं.

कारण असं एक पाकीट दाजींच्या कपाटात होतं.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लेथवर आयुष्य काढलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हातगाडीचा ब्रेक बनवला: दांडी सोडली की चाक आपोआप जखडायचं, उतारावर गाडी पळायची नाही. घरचाच वकील आहे म्हणून ते विचारायला आले. वकीलसाहेबांनी कुठूनतरी ऐकलेला पाकिटाचा उपाय ऐटीत सांगितला, वर ‘आता बिनधास्त विका’ हेही सांगितलं. दाजींनी चाळीसेक ब्रेक विकले. ताईने पाकिटाला प्लॅस्टिकचं वेष्टन घातलं.

त्या वर्गानंतर वकीलसाहेब ताईकडे जाईनासे झाले. कधी अभ्यासाचं कारण, कधी तारखेचं. दोन महिन्यांनी दाजीच जिना चढून ऑफिसात आले. एका कारखान्याने तोच ब्रेक लावून रुग्ण न्यायच्या ढकलगाड्या बाजारात आणल्या होत्या. दाजींना त्या दवाखान्यात दिसल्या, तिथेच फरशीवर बसून त्यांनी खालून निरखल्या, आणि आठवड्यापूर्वी वकीलसाहेबांना फोनवर हे सगळं सांगून झालं होतं. आता पाकीट टेबलावर ठेवून ते खुशीत होते.

“फोड. साक्षीदार लागत असेल तर खालच्या झेरॉक्सवाल्याला बोलावतो.”

वकीलसाहेबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. थाप मारणं अवघड नव्हतं. एक नोटीस धाडायची, मग तारखा पडतायत म्हणत वर्षं काढायची; या कामात मुरलेली माणसं कोर्टात त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसत.

“दाजी, याने काही होणार नाही. आधी अर्ज करायला हवा होता, विक्री नंतर. तुम्ही विकायला लागलात, त्या दिवशी तो ब्रेक सगळ्यांचा झाला. मी चुकीचं सांगितलं.”

दाजींनी पाकिटावरचं प्लॅस्टिक बोटाने सारखं केलं.

“तुला कधी कळलं?”

“दोन महिने झाले. वर्गात.”

“म्हणजे मी फोन केला तेव्हा माहीत होतं.”

वकीलसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. दाजींनी डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी अर्धीच होती.

“अकरा वर्षांपूर्वी तुला येत नव्हतं, ते समजलं. लेथवर माझंही बोट गेलंय. पण गेल्या आठवड्यात मी तासभर फोनवर बडबडलो, आणि तू नुसता हं हं करत बसलास.”

ते उठले. वकीलसाहेबांनी पाकीट पुढे केलं, तर म्हणाले, राहू दे, तुझ्या अभ्यासाला होईल. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ताईचा फोन आला नाही. वर्षाअखेरच्या पेपरात प्रश्न होता: चुकीच्या सल्ल्याने संशोधकाचा हक्क कसा बुडतो, उदाहरणासह लिहा. वकीलसाहेबांनी सात पानं लिहिली. त्या पेपरात सगळ्यात जास्त गुण त्यांनाच पडले. उत्तर कसं असावं म्हणून बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. ‘तेव्हा वकील ऐटीत म्हणाला’ इथपर्यंत त्या आल्या आणि वर्ग पुन्हा खो खो हसला. वकीलसाहेब पेनाचं टोपण शोधायला बाकाखाली वाकले, आणि बाईंनी पान उलटेपर्यंत वर आले नाहीत.