तीनदा उसवलेली लोकर

सकाळपासून उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळतेय, पण ती सरळ व्हायला तयार नाही. मोडलेल्या प्रत्येक टाक्याचं वळण तिनं धरून ठेवलंय.

लेकीचे दिवस भरत आलेत. रद्दीच्या दुकानात मिळालेल्या जुन्या अमेरिकन पुस्तकातला स्वेटर मी बाळासाठी विणायला घेतला. पुस्तक म्हणतं, दहा नंबरच्या सुया घ्या. घेतल्या. बाहुलीला होईल एवढा स्वेटर झाला. मग कळलं, आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते आणि त्यांच्याकडे जाड. जाड सुया आणल्या, तर आपल्या बारीक लोकरीची भाजीची जाळी झाली. तिसऱ्यांदा अंदाजानं विणला आणि बाळाच्या डोक्याएवढा नारळ त्याच्या गळ्यातून घालून पाहिला. जाईना.

ते पुस्तक लिहिणारीचा रागच आला. आपल्या घरातल्या सुया साऱ्या जगात असतात, असं कसं वाटतं माणसाला? पण मीही लेकीला फोनवर सांगतेच, भाताला नेहमीच्या वाटीनं दोन वाट्या पाणी घाल. ती वाटी इथे माझ्या फडताळात आहे.

शेजारच्या मालतीबाई आल्या आणि लोकर चाचपत म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला पहिला कपडा जुनाच घालतात ना? मग तीनदा उसवल्यावर ही झालीच की जुनी."

मी पुस्तक रद्दीत टाकलं आणि चौथ्यांदा टाके घालायला बसले. नारळ तेवढा जवळ ठेवला.