दोघांचे पगार एकाच गाळ्यातून

लग्नाआधी नवरा आणि मी रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होतो. तो डिझाइनला, मी तपासणीला. त्याच्या मापांत मी खोट काढायचे आणि तो दिवसभर फुगून बसायचा. आमचं जमलं ते तसंच.

पुढे त्याने मित्राबरोबर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याने गाळा घेऊन स्टार्टअप काढलं. खाडीकाठच्या मासळीवाल्यांसाठी बर्फ टिकवणाऱ्या हलक्या पेट्या.

"तूही ये ना," तो म्हणाला. "तपासणीला तुझ्यासारखं कोण मिळणार मला?"

मला जायचं होतं. पण कोपरला घेतलेल्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेले, मुलगी बालवाडीत.

"अरे, दोघांचे पगार एकाच गाळ्यातून? बुडालं तर दोघंही घरी बसू."

"बरोबर आहे तुझं."

मी नोकरीतच राहिले. गाळ्याचा विषय निघाला की मला हप्तेच दिसायचे, म्हणून घरी तो काढायचाच नाही असं आम्ही ठरवलं. तो यायचा, मुलीशी खेळायचा. मी काही विचारत नसे.

विकलेल्या पेट्या परत येऊ लागल्या. मित्राने अंग काढून घेतलं. दुसऱ्याच वर्षी गाळा बंद करावा लागला. आवराआवरीला मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा एक कोळीण पेटी घेऊन दारात उभी होती.

"दुपारच्या आत बर्फाचं पाणी होतं," ती म्हणाली.

मी झाकण उघडून कडेच्या रबरी पट्टीवर अंगठा दाबला. पट्टी दबली ती दबलीच राहिली.

"अरे, हे रबर गारठ्यात दबलं की परत वर येत नाही, झाकणाला फट राहते. मला का नाही विचारलंस?"

"विषय काढायचा नाही असं ठरलेलं ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

आमचं घर राहिलं, एकही हप्ता चुकला नाही. तो आता ऐरोलीला नोकरी करतो. नातेवाईक म्हणतात, शहाणपणा केलात. केला असेल.

गाळा आवरल्यानंतरच्या रविवारी मी, घरी ठेवून घेतलेल्या कोळिणीच्या पेटीसाठी, चांगली पट्टी विकत आणली. स्वयंपाकघरात फरशीवर बसून त्याने ती ताणून धरली, मी चिकटवत गेले. एक कोपरा वाकडा बसला तसा मी तो परत काढायला लावला.

आठवड्याने कोळिणीचा फोन आला. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकत होता. तिच्या बहिणीला आणि जावेला तशाच पेट्या हव्या होत्या.

"आता बनवत नाही आम्ही," नवरा म्हणाला.