दाजींच्या बागेतली फॅशन

औंदा कोणता रंग चालणार हे कापडवाल्याच्याही आधी कुणाला कळत असेल, तर ते आमच्या दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार पिंपळगाव रेणुकाई. शेती मका-सोयाबीनची, पण जीव सगळा घरापुढच्या बागेत. माणसानं दर सणाला नवे कपडे घालायचे आणि बागेनं मात्र एकच लुगडं जन्मभर नेसायचं, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची बाग दरवर्षी रंग बदलते. सगळं गाव केशरी झेंडू लावायचं तेव्हा यांनी लिंबाच्या रंगाचा लावला. गावानं यथेच्छ नावं ठेवली, आणि पुढच्या दसऱ्याला निम्म्या गावाच्या दारावर पिवळी तोरणं लागली.

रंगांचा माग काढायची त्यांची जागा म्हणजे लग्नाचा मांडव. लगीनसराईत भोकरदनपासून केदारखेड्यापर्यंत एक लग्न ते सोडत नाहीत; पत्रिका आलेली असो वा नसो. अक्षता टाकताना सगळे नवरीकडे बघतात, हे स्टेजवरच्या फुलांकडे. एकदा आहेर द्यायला वर चढले आणि नवरदेवालाच विचारू लागले, "ही जांभळी शेवंती आणली कुठून?" त्या बिचाऱ्याला सांगता येईना आणि दाजी खाली उतरेनात. मागे आहेराची रांग पार मांडवाबाहेर गेली. नवरात्रात तर त्यांचा उत्साह विचारू नका. बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून रेणुकाईला जातात, आणि दाजी त्या त्या रंगाची फुलं घेऊन. राखाडीच्या दिवशी मात्र गाडी अडली. सकाळपासून उपाशीपोटी चार गावं पालथी घातली आणि शेवटी देवीपुढे हात जोडून म्हणाले, "माय, राखाडी फूल तूच केलं न्हाई, मंग मी आणू कुठून?"

अलीकडे फिक्या रंगांची लाट आली. मांडव पांढरे, शालू पिस्ता. "भडक आता खलास, पाव्हणं," दाजींनी मला फोनवर बजावलं आणि जुनी लाल कर्दळ मुळासकट काढली. तिच्या जागी पांढरी पिटुनिया, फिकट गुलाबी अष्टर, मलईच्या रंगाची शेवंती आली. खोटं कशाला बोलू, अशी देखणी बाग मी उभ्या जिल्ह्यात पाहिली नाही. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला भोकरदनहून यायला लागली. दाजींचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी अक्का ओट्यावर येऊन बसली. समोर वाफे नुसते ओसंडत होते. ती म्हणाली, "अवो, औंदा काहीच फुललं न्हाई का?"

दाजींना वाटलं, थट्टा करून राह्यली. थट्टा नव्हती. साखरेनं तिच्या डोळ्यांचा पडदा खराब केला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. गडद रंग तेवढे तिला अजून कळत होते. घरी आल्यावर दाजींनी काय करावं? ऐन बहरातली ती सगळी फिकी बाग एका दिवसात उपटली. फोटोसाठी आलेलं एक जोडपं फाटकातूनच परत गेलं. मग लाल कर्दळ परत आली, शेंदरी झेंडू आला, राणी रंगाची बोगनवेल आली. रोपवाटिकेचा मालक हसून म्हणाला, "काका, तुम्ही मागं पडले." मागं पडणं म्हणजे दाजींना मेल्याहून मेल्यासारखं. पण त्यांनी शांतपणे सांगितलं, "भडकच चालून राह्यलंय औंदा. तुला खबर न्हाई." अक्काचं नावही काढलं नाही. भडक कुठेच चालत नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला.

परवा गेलो तेव्हा दाजी अक्काचा हात धरून तिला वाफ्यांमधून हिंडवत होते. आता तिला गडदही नीट उमगत नाही. एका ताटव्यापुढे ती थांबली, वाकली, आणि खुशीत म्हणाली, "हे लाल लई बेस आलं बघा."

ताटवा जांभळ्या अष्टरचा होता. मी काही बोलणार, तोच दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"बराबर," ते म्हणाले. "औंदा समदं लालच लावलंय."