राजांचा कोट आणि टीव्हीतला हत्ती

ओल्या लोकरीवर कोळशाची इस्त्री टेकली की मेंढरासारखा एक उबट वास उठतो... तो वास म्हणजे माझ्यासाठी राजा. हसा तुम्ही! पण म्हसावदला माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि डोंगरातल्या एका छोट्याशा संस्थानाचे म्हातारे राजे आपला एकुलता एक काळा कोट दुरुस्त करायला तिथे उतरत असत. राज्य केव्हाच विलीन झालेलं. माणूस तेवढा राजा उरला होता. अंगाला मोहाच्या फुलांचा आणि धुराचा वास, पाय अनवाणी, टाचांच्या भेगांत पांढरी धूळ...

एका दुष्काळी वर्षी, मी तेव्हा नऊ वर्षांची असेन, ते डोंगरातल्या माणसांसाठी धान्य मागायला मोठ्या साहेबाकडे निघाले होते. पायीच. मोठी बहीण सुईत दोरा ओवून देत होती, मी बाहीचं बटण लावत होते. राजे वाकून म्हणाले, "पोरी, टाका घट्ट घाल. साहेबना म्होरे राजा फाटेल दिसाले नको." मागायला जातानाही मान ताठ कशी ठेवावी, ते मी त्या पाठमोऱ्या कोटाकडे पाहून शिकले.

मागच्या महिन्यात राजांवर कार्यक्रम करायला टीव्हीवाले आले. मी बापडी दोन तास बोलले — कोट, भेगा, धान्य, सगळं. "ते राजाच होते, पायात चप्पल नसली तरी," असंही म्हणाले. कार्यक्रम लागला तेव्हा पडद्यावर माझं तोंड आलं, "ते राजाच होते" एवढंच बोललं, आणि पुढे हत्ती! अंबारी, मुकुट, नाचणाऱ्या बायका... कात्री आमच्याही घरात चालायची हो, पण कापड अंगाला बसावं म्हणून.

बहिणीला फोन केला. "आक्का, हत्ती व्हता का वं?"

"असीन ना! टीव्हीवाला खोटं का बरं दाखाडतीन? अन् तू कितली मस्त दिसनी वं!"

त्या दिवशीचं दुकान पाहिलेली माझ्याशिवाय ती एकटीच उरली होती... तीही हत्तीच्या बाजूला गेली.

मग परवा राजांची नात घरी आली. शाळेत शिकवते ती.

"मावशी, वर्गातली पोरं विचारतात, मॅडम, तुमचा हत्ती कुठे गेला? माझे आजोबा तर चालत गेले होते ना?"

"चालतच गं."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं होतं..."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेच तोंड तिनं पडद्यावर पाहिलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. न पिताच ती उठली.