वरचं पाणी

मंडळी, गिऱ्हाईकाचं अर्धं वाक्य ऐकून माल काढून देणारा दुकानदार मी. आज सकाळी माहूरकडच्या एका डोंगरावर याच कानांनी मला फसवलं.

पायथ्याच्या टपरीवर नवा जिल्हा कुठला होणार, यावर भांडण पेटलं होतं. माझे कान तिकडे. चहावाल्या मावशींनी विचारलं, "वरचं पाणी घेतलं का?" मला वाटलं, जादाचं पाणी. म्हणालो, "हाव, दोन बाटल्या हायत."

वाट खडी, नागमोडी. वळणावळणाला घोट घेत दोन्ही बाटल्या संपवल्या आणि माथ्यावरच्या झोपडीपाशी ऐटीत पोचलो. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी रिकामा माठ पुढे केला. "ओता शेठ."

तेव्हा डोक्यात उजेड पडला, मावशी वर न्यायच्या पाण्याचं विचारत होत्या. दुष्काळात वरचं टाकं आटलंय, बाबांचे गुडघे गेलेत. म्हणून चढणारा प्रत्येक जण त्यांच्यासाठी एक बाटली नेतो. आज चढलेला मी एकटाच होतो.

"बाबा, मीच पिऊन बसलो."

"लई हुशार दिसता!" बाबा हसले आणि तांब्यातलं उरलेलं घोटभर पाणी मलाच देऊ लागले.

मी तांब्या त्यांच्याच हातात परत दिला. तसाच खाली आलो. मावशींनी कॅन भरून दिला आणि वर टोमणाही. "शेठ, आता तरी नीट ऐकलं न्हवं?"

पन्नाशीत एकाच दिवशी तोच डोंगर दोनदा चढलो! बाबांनी माठ भरून घेतला आणि पहिला पेला मला दिला. या वेळी घेतला.

रविवारी पुन्हा जातोय. कॅन दुकानातून मी देतो, पाय तुमचे. कोण कोण येतंय?